पाठ १७ : कान हाच गुरू

१७.० प्रास्ताविक

शाळेत जाणाऱ्या मुलाला नवी भाषा शिकताना शिक्षकाचा आवाज सहज लाभतो. शब्द चुकीचा उच्चारला तर शिक्षक थांबवतात, पुन्हा म्हणून घेतात. मुक्त विद्यालयाच्या विद्यार्थ्याचे तसे नाही. दिवसभराचे काम आटोपल्यावर तो एकट्याने पुस्तक उघडतो. पुस्तकातील शब्द त्याला दिसतात, पण ऐकू येत नाहीत. मग तो आपल्या मनाने एक उच्चार ठरवतो, तो शंभर वेळा म्हणतो आणि चूक असली तर तीच पक्की होते. पुढे तो उच्चार मोडून नवा बसवायला पहिल्यापेक्षा दुप्पट श्रम पडतात.

ही अडचण ज्या भाषेच्या बाबतीत विशेष जाणवते, अशा एका भाषेचे उदाहरण या पाठात घेतले आहे. ती भाषा म्हणजे एस्पेरांतो. ही भाषा कोणत्याही एका देशाची नाही. तिचे बोलणारे अनेक देशांत विखुरलेले आहेत. त्यामुळे आपल्या गावात तिचा जाणकार भेटण्याची शक्यता फार थोडी. अशा वेळी चांगले ध्वनिमुद्रण हाच शिक्षक ठरतो. परंतु प्रत्येक ध्वनिमुद्रण चांगले नसते. ते कसे निवडावे आणि कसे ऐकावे, याचा विचार आपण येथे करणार आहोत. येथे सांगितलेली पद्धत कोणतीही भाषा शिकताना उपयोगी पडेल.

१७.१ उद्दिष्टे

या पाठाच्या अध्ययनानंतर तुम्हाला

- एस्पेरांतो भाषेच्या उच्चारांची वैशिष्ट्ये सांगता येतील;
- मराठीच्या मदतीने तिच्यातील कोणते ध्वनी सोपे व कोणते अवघड आहेत, हे ओळखता येईल;
- चांगल्या ध्वनिमुद्रणाचे निकष सांगता येतील;
- ध्वनिमुद्रणे कोठे मिळतात व कोणत्या पायरीवर कोणते ऐकावे, हे ठरवता येईल;
- श्रवणाचा नियमित सराव करण्याची पद्धत आत्मसात करता येईल.

१७.२ मूलपाठ

(अ) एका आशेची भाषा

एस्पेरांतोचे जनक लुडविक झामेनहोफ यांचा जन्म १८५९ साली ब्यालिस्तोक या गावी झाला. आज पोलंडमध्ये असलेले हे गाव त्या काळी रशियन साम्राज्यात मोडत असे. तेथे रशियन, पोलिश, जर्मन आणि यिद्दिश अशा भिन्न भाषा बोलणारे लोक राहत. त्यांच्यात वितुष्ट असे. सर्वांना समान अंतरावर असलेली आणि शिकायला सोपी अशी एखादी भाषा असेल, तर माणसे परस्परांना समजून घेतील, असे झामेनहोफ यांना वाटे. व्यवसायाने ते नेत्रवैद्य होते. १८८७ साली वॉर्सा येथे त्यांनी आपल्या भाषेचे पहिले पुस्तक प्रसिद्ध केले. त्यावर त्यांनी ‘डॉक्टर एस्पेरांतो’ असे टोपणनाव घातले होते. ‘एस्पेरांतो’ म्हणजे ‘आशा बाळगणारा’. पुढे तेच नाव भाषेला मिळाले.

आरंभीची कित्येक वर्षे ही भाषा प्रामुख्याने कागदावर राहिली. लोक पुस्तकातून ती शिकत आणि परदेशातील मित्रांना पत्रे लिहीत. १९०५ साली फ्रान्समधील बुलोन-स्युर-मेर या शहरात पहिले जागतिक संमेलन भरले. निरनिराळ्या देशांतून आलेले सुमारे सातशे लोक तेथे एकत्र जमले. त्यांतील अनेकांनी ही भाषा इतक्या माणसांच्या तोंडून कधीच ऐकली नव्हती. तरीही ते एकमेकांचे बोलणे समजू शकले.

हे शक्य झाले, याचे एक कारण या भाषेच्या लिपीत आहे. तिच्या वर्णमालेत २८ अक्षरे आहेत : ५ स्वर आणि २३ व्यंजने. प्रत्येक अक्षराचा एकच ध्वनी आणि प्रत्येक ध्वनीसाठी एकच अक्षर. लिहिलेले अक्षर कधी मूक राहत नाही. आघाताचा नियमही एकच आहे. शब्दातील शेवटून दुसऱ्या स्वरावर जोर द्यावयाचा. त्याला अपवाद नाही.

मग ध्वनिमुद्रणाची गरज काय, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. नियम ठाऊक असणे आणि तो ध्वनी कानाला व जिभेला ओळखीचा होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोहण्याचे नियम वाचून जसे पोहता येत नाही, तसेच हे आहे. शिवाय वाचताना आपण आपल्या गतीने पुढे जातो. ऐकताना मात्र बोलणाऱ्याच्या गतीशी जुळवून घ्यावे लागते.

(आ) मराठी कानाला सोपे काय, अवघड काय?

मराठी भाषकाला येथे एक मोठी सवलत आहे. मराठीत ‘च’ दोन प्रकारे उच्चारला जातो. ‘चिमणी’मधील ‘च’ तालव्य आहे, तर ‘चमचा’मधील ‘च’ दंततालव्य आहे. लिहिताना आपण दोन्हींसाठी एकच अक्षर वापरतो. एस्पेरांतोत हे दोन्ही ध्वनी आहेत, पण त्यांची अक्षरे वेगळी आहेत. रोमन ‘सी’ या अक्षराचा उच्चार ‘चमचा’मधील ‘च’सारखा, म्हणजे जवळजवळ ‘त्स’ असा होतो. आणि डोक्यावर छत्रीसारखे चिन्ह असलेल्या ‘सी’चा उच्चार ‘चिमणी’मधील ‘च’सारखा होतो. हा भेद अर्थ बदलतो. ‘त्सेलो’ म्हणजे ध्येय, तर ‘चेलो’ म्हणजे पेशी किंवा कोठडी. ज्यांच्या भाषेत शब्दारंभी ‘त्स’ येत नाही, त्यांना हा ध्वनी प्रयत्नाने शिकावा लागतो. आपण तो लहानपणापासून बोलत आलो आहोत.

दुसरी सवलत ‘त’ आणि ‘द’ यांची. भाषेचे नाव मराठीत ‘एस्पेरान्टो’ असेही लिहिलेले आढळते. इंग्रजीतून आलेल्या शब्दांतील ‘टी’ आपण ‘ट’ने लिहितो, त्याचा हा परिणाम. परंतु या भाषेत ‘ट’, ‘ड’, ‘ण’, ‘ळ’ हे मूर्धन्य ध्वनी नाहीत. येथे मराठी ‘त’ आणि ‘द’ हेच मूळ उच्चाराच्या अधिक जवळचे आहेत.

आता अवघड गोष्टी पाहू.

१. *स्वर.* एस्पेरांतोतील पाच स्वर साधारणपणे आ, ए, इ, ओ, उ असे आहेत. मराठीतील ‘अ’ येथे नाही. शब्दाच्या शेवटचा ‘आ’ अर्धवट सोडून चालत नाही. ‘बोना’ (चांगला) हा शब्द ‘बोन’ असा ऐकू येता कामा नये. स्वरांच्या ऱ्हस्व-दीर्घत्वाने अर्थ बदलत नाही.

२. *आघात.* मराठीत आघाताने सहसा अर्थभेद होत नाही. म्हणून आपले तिकडे लक्ष नसते. ‘रेडिओ’ हा ओळखीचा शब्द एस्पेरांतोत ‘रा-दी-ओ’ असा होतो आणि जोर ‘दी’वर येतो. तसेच ‘फा-मि-ली-ओ’ (कुटुंब) या शब्दात जोर ‘ली’वर आणि ‘हिस-तो-री-ओ’ (इतिहास) या शब्दात ‘री’वर येतो. इंग्रजीशी परिचय असलेले विद्यार्थी येथे हमखास चुकतात.

३. *अर्धचंद्राचा ‘यू’.* ज्या ‘यू’ अक्षरावर अर्धचंद्र असतो, तो स्वर मानला जात नाही. म्हणून ‘हो-दी-आउ’ (आज) या शब्दात ‘आउ’ हा एकच अवयव धरून जोर ‘दी’वर द्यावा लागतो.

४. *‘ह’, ‘ख़’ आणि ‘क’.* ‘कोरो’ म्हणजे हृदय, ‘होरो’ म्हणजे तास आणि ‘ख़ोरो’ म्हणजे गायकवृंद. तिसऱ्या शब्दातील पहिला ध्वनी उर्दूतील ‘ख़बर’मध्ये आढळतो. तो भाषेत क्वचितच येतो. पण मराठी ‘ख’ उच्चारून तो साधत नाही.

५. *‘झ’सारखे वाटणारे ध्वनी.* ‘झोर्गो’ (काळजी) या शब्दातील पहिला ध्वनी म्हणजे घोष ‘स’. ‘झुर्नालो’ (वृत्तपत्र) या शब्दातील पहिला ध्वनी म्हणजे घोष ‘श’. इंग्रजी ‘ट्रेझर’ शब्दाच्या मध्यभागी तो ऐकू येतो. देवनागरीत दोन्ही ‘झ’नेच लिहावे लागतात. म्हणजे ज्या ठिकाणी लिपी थकते, त्या ठिकाणी कानाचे काम सुरू होते.

पाठगत प्रश्न १७.१

१. एस्पेरांतोच्या वर्णमालेत स्वर व व्यंजने किती आहेत?
२. आघाताचा नियम कोणता?
३. ‘त्सेलो’ आणि ‘चेलो’ यांतील भेद मराठी भाषकाला सोपा का जातो?
४. ‘फामिलिओ’ या शब्दात जोर कोठे येतो?

(इ) चांगले ध्वनिमुद्रण कसे ओळखावे?

इंग्रजी किंवा फ्रेंच शिकताना ‘त्या देशातील माणसाचा उच्चार’ हे एक सोपे माप हाताशी असते. एस्पेरांतोला असा देश नाही. काही कुटुंबांत मुले ही भाषा घरीच शिकतात. तथापि त्यांचा उच्चार म्हणजे प्रमाण, असेही मानले जात नाही. ज्याच्या बोलण्यावरून त्याची मातृभाषा सहज ओळखता येत नाही आणि जो सर्व देशांतील श्रोत्यांना विनासायास समजतो, त्याचा उच्चार चांगला, असे येथे समजतात. म्हणून निवड करताना पुढील निकष लक्षात ठेवावेत.

*पहिला निकष : स्वरांची शुद्धता.* आघात नसलेला स्वरही स्पष्ट ऐकू आला पाहिजे. इंग्रजी भाषक असे स्वर पुसट करतात; कित्येकदा ‘ए’चा ‘एइ’ आणि ‘ओ’चा ‘ओउ’ करतात. असे मुद्रण नवशिक्याने टाळावे.

*दुसरा निकष : आघाताची अचूकता.* ‘रादीओ’, ‘फामिलीओ’, ‘होदीआउ’ यांसारखे शब्द मुद्दाम शोधून ऐकावेत. येथे चूक आढळली तर ते मुद्रण नमुना म्हणून वापरू नये.

*तिसरा निकष : जवळच्या ध्वनींतील भेद.* ‘त्स’ आणि ‘च’, ‘स’ आणि ‘श’, ‘ह’ आणि ‘ख़’ वेगवेगळे ऐकू आले पाहिजेत.

*चौथा निकष : सोबत लिखित मजकूर.* ऐकलेले पडताळून पाहण्यास मजकूर नसेल, तर आपली चूक आपल्याला कळत नाही.

*पाचवा निकष : आवाजाची स्वच्छता व गती.* मागे संगीत किंवा गोंगाट नसावा. गती संथ असली तरी वाक्य तुटक होऊ नये. एकेक शब्द सुटा करून म्हटलेले वाक्य ऐकण्याची सवय लागली, की सहज बोलणे कानाला परके वाटते.

*सहावा निकष : आवाजांची विविधता.* एकाच माणसाचा आवाज ऐकत राहिल्यास त्याच्या लकबी आपल्या होतात. स्त्री-पुरुषांचे आणि निरनिराळ्या देशांतील लोकांचे आवाज ऐकावेत.

प्रसिद्ध मुद्रण म्हणजे चांगले मुद्रण, असा समज करून घेऊ नये. १९६६ साली अमेरिकेत ‘इन्क्युबस’ नावाचा एक चित्रपट तयार झाला. त्यात विल्यम शॅटनर या विख्यात नटाने काम केले आहे आणि त्यातील सर्व संवाद एस्पेरांतोत आहेत. परंतु नटांनी ते संवाद भाषा न शिकता केवळ पाठ केले होते. त्यामुळे या चित्रपटातील उच्चारांवर एस्पेरांतोच्या जाणकारांनी बरीच टीका केली. कुतूहल म्हणून तो पाहण्यास हरकत नाही. उच्चाराचा आदर्श म्हणून मात्र तो उपयोगाचा नाही.

यंत्राच्या आवाजाविषयीही सावध असावे. लिखित मजकुराचे वाचन करणारी संगणक-प्रणाली एस्पेरांतोसाठी उपलब्ध आहे. एखाद्या शब्दाचा आघात पडताळण्यास ती मदत करते. पण बोलण्यातील चढउतार, थांबे आणि भाव तिच्याकडून शिकता येत नाहीत.

(ई) ध्वनिमुद्रणे कोठे मिळतात?

*पहिली पायरी : सुटे शब्द व वाक्ये.* २००८ साली सुरू झालेल्या ‘फोर्वो’ या संकेतस्थळावर निरनिराळ्या भाषांतील शब्दांचे उच्चार त्या भाषा बोलणाऱ्यांनी मुद्रित केले आहेत. त्यांत एस्पेरांतोचाही समावेश आहे. ‘तातोएबा’ या संग्रहात वाक्ये व त्यांची भाषांतरे आहेत आणि अनेक वाक्यांना आवाजाची जोड आहे. शंकास्थळे दूर करण्यास ही साधने चांगली. मात्र ती स्वयंसेवकांनी तयार केलेली असल्यामुळे एका शब्दाचे दोन-तीन आवाज ऐकून मगच निष्कर्ष काढावा.

*दुसरी पायरी : क्रमवार पाठ.* ‘लेर्नु’ हे संकेतस्थळ २००२ साली सुरू झाले. ‘लेर्नु’ म्हणजे ‘शिका’. येथील शिक्षण विनामूल्य आहे आणि पाठांना ध्वनीची जोड आहे. क्लोद पिरोन यांची ‘गेर्दा मालापेरिस’ (गेर्दा नाहीशी झाली) ही १९८३ साली प्रसिद्ध झालेली कथाही नवशिक्यांसाठी उत्तम आहे. तिच्यात शब्द व व्याकरण प्रकरणागणिक वाढत जाते आणि तिचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. गेर्दाच्या रहस्यमय बेपत्ता होण्याची ही कथा असल्याने ऐकण्याची उत्सुकता टिकून राहते.

*तिसरी पायरी : वाचन.* २००५ पासून ‘लिब्रिव्हॉक्स’ या उपक्रमात स्वयंसेवक स्वामित्वहक्कातून मुक्त झालेली पुस्तके मोठ्याने वाचून मुद्रित करतात. त्यांत एस्पेरांतोतील साहित्यही आहे. मूळ मजकूर बहुधा मोफत मिळत असल्यामुळे चौथा निकष येथे सहज पूर्ण होतो. वाचकांचा दर्जा सारखा नसतो. म्हणून आधी दोन मिनिटे ऐकून निवड करावी.

*चौथी पायरी : बातम्या व संभाषण.* नभोवाणीने या भाषेची मोठी सेवा केली आहे. पोलंडच्या नभोवाणीने १९५९ साली, चीनच्या नभोवाणीने १९६४ साली आणि व्हॅटिकनच्या नभोवाणीने १९७७ साली एस्पेरांतोतील प्रक्षेपण सुरू केले. पूर्वी हे कार्यक्रम लघुलहरींवर, खरखर सोसत ऐकावे लागत. पोलिश नभोवाणीने आपले प्रक्षेपण थांबवल्यावर ‘पोला रेत-रादीओ’ या नावाने ते काम महाजालावर चालू ठेवण्यात आले. महाजालावरील कार्यक्रम साठवून पुन्हा पुन्हा ऐकता येतात, हा विद्यार्थ्याचा मोठा लाभ. पॉडकास्ट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ध्वनिमालिकांत दोन-तीन माणसांची अकृत्रिम चर्चा ऐकायला मिळते.

गाण्यांविषयी एक शब्द. एस्पेरांतोत भरपूर गीते आहेत आणि ती शब्द स्मरणात ठेवण्यास उपयोगी आहेत. पण चालीसाठी गायक स्वर लांबवतात. गीतांत व कवितांत नामाच्या शेवटचा ‘ओ’ कधी गाळलाही जातो. तरी आघात मूळ जागीच राहतो. म्हणून गाणी आनंदासाठी ऐकावीत, उच्चाराचे माप म्हणून नव्हे.

(उ) ऐकण्याची रीत

रोज पंधरा-वीस मिनिटे पुरेशी आहेत. आठवड्यातून एकदा दोन तास बसण्यापेक्षा रोजचा थोडा सराव अधिक फळ देतो. एक-दोन मिनिटांचा उतारा निवडावा आणि पुढील क्रम पाळावा.

१. मजकूर न पाहता एकदा ऐकावे. विषय काय असावा, याचा अंदाज करावा.
२. मजकुरावर बोट ठेवून दुसऱ्यांदा ऐकावे.
३. एकेक वाक्य थांबवून मोठ्याने म्हणावे.
४. मजकूर मिटवून श्रुतलेखन करावे.
५. स्वतःचे वाचन मोबाइलवर मुद्रित करून मूळ मुद्रणाशी ताडून पाहावे.

यांपैकी श्रुतलेखनाचे मोल या भाषेत विशेष आहे. इंग्रजीत शब्द बरोबर ऐकूनही लेखन चुकू शकते. एस्पेरांतोत जसा ध्वनी तसे अक्षर. त्यामुळे शब्द ओळखीचा असो वा नसो, लेखनातील चूक म्हणजे बहुधा ऐकण्यातील चूक. ‘त्स’च्या जागी ‘स’ लिहिला गेला, तर नेमका कोणता ध्वनी कानातून निसटला ते कागदावर दिसते. समोर शिक्षक नसताना तुमची वही तुमची चूक दाखवून देते. अशा चुकांची एक यादी ठेवावी आणि पंधरवड्याने ती पुन्हा पाहावी.

शेवटी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ऐकणारा काही काळाने बोलणाराही झाला पाहिजे. मोझिलाने २०१७ साली सुरू केलेल्या ‘कॉमन व्हॉइस’ या उपक्रमात सामान्य माणसे वाक्ये वाचून आपला आवाज दान करतात आणि इतरांनी वाचलेली वाक्ये तपासतात. त्यात एस्पेरांतो आहे आणि आपली मराठीही आहे. आज दुसऱ्यांच्या आवाजावर शिकणारा विद्यार्थी उद्या आपला आवाज दुसऱ्या कोणा एकट्या विद्यार्थ्यासाठी ठेवू शकतो. झामेनहोफ यांनी बाळगलेली आशा अशा लहान देवाणघेवाणीतूनच पुढे चालत आली आहे.

पाठगत प्रश्न १७.२

१. एस्पेरांतोत चांगला उच्चार कोणता समजतात?
२. ‘इन्क्युबस’ या चित्रपटातील उच्चार आदर्श का मानू नयेत?
३. गाणी उच्चाराचे माप म्हणून का वापरू नयेत?
४. एस्पेरांतोत श्रुतलेखन विशेष उपयोगी का ठरते?

१७.३ आपण काय शिकलो?

- एस्पेरांतोत एका अक्षराला एकच ध्वनी असतो आणि आघात शेवटून दुसऱ्या स्वरावर येतो.
- मराठीतील दोन प्रकारचे ‘च’ आणि दंत्य ‘त’, ‘द’ हे ही भाषा शिकताना साहाय्यक ठरतात. स्वर, आघात आणि ‘झ’सारखे ध्वनी यांकडे विशेष लक्ष द्यावे लागते.
- ध्वनिमुद्रण निवडताना स्वर, आघात, ध्वनिभेद, लिखित मजकूर, स्वच्छता व गती आणि विविधता हे निकष लावावेत.
- सुटे शब्द, क्रमवार पाठ, वाचन आणि संभाषण अशा पायऱ्यांनी पुढे जावे.
- ऐकणे, म्हणणे, लिहिणे आणि ताडून पाहणे यांनी श्रवण पूर्ण होते.

१७.४ स्वाध्याय

१. ‘नियम ठाऊक असणे आणि ध्वनी ओळखीचा होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.’ सोदाहरण स्पष्ट करा.
२. १९०५ च्या संमेलनाचे महत्त्व पाच-सहा ओळींत लिहा.
३. मराठीतील तालव्य व दंततालव्य ‘च’ असलेले प्रत्येकी पाच शब्द लिहा व मोठ्याने वाचा.
४. उपक्रम : मराठी बातम्यांचे दोन मिनिटांचे ध्वनिमुद्रण घ्या. पाठातील पाच पायऱ्यांनी त्याचा अभ्यास करा आणि श्रुतलेखनात आढळलेल्या चुकांची कारणे शोधा.
५. तुमच्या परिसरात मराठी शिकू इच्छिणारी अन्य भाषक व्यक्ती असल्यास, तिच्यासाठी दहा मराठी वाक्ये स्पष्ट उच्चारांत मुद्रित करा. मुद्रण पाठातील निकषांवर स्वतः तपासा.

१७.५ पाठगत प्रश्नांची उत्तरे

*१७.१* — १. ५ स्वर व २३ व्यंजने. २. शेवटून दुसऱ्या स्वरावर जोर येतो. ३. मराठीत दंततालव्य व तालव्य असे दोन्ही ‘च’ असल्यामुळे. ४. ‘ली’वर.

*१७.२* — १. बोलणाऱ्याची मातृभाषा सहज ओळखू येत नाही आणि जो सर्व देशांतील श्रोत्यांना विनासायास समजतो तो. २. नटांनी भाषा न शिकता संवाद केवळ पाठ केले होते म्हणून. ३. चालीसाठी स्वर लांबवले जातात व कधी शेवटचा ‘ओ’ गाळला जातो म्हणून. ४. ध्वनी तसे अक्षर असल्यामुळे लेखनातील चुकीवरून ऐकण्यातील चूक नेमकी कळते म्हणून.